बेसिनमधली गुलाबी रेघ

आज सकाळी चूळ भरली आणि पांढऱ्या बेसिनमध्ये एक गुलाबी रेघ ओघळली. सवयीने हात नळाकडे गेला. गेली कित्येक वर्षं मी ही रेघ कुणी बघायच्या आत धुऊन टाकत आले आहे.

सासूबाईंच्या हिरड्यांतूनही रक्त यायचं. त्या तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायच्या, दुखऱ्या जागी बोटाने दाबून लावायच्या आणि भाकऱ्या थापायला बसायच्या. "दातानं कोण मेलंय का कधी?" म्हणायच्या. त्यांची मिश्री मी घेतली नाही, त्यांचं म्हणणं मात्र घेतलं. दुखते ती बाजू सोडून दात घासायचे, दुसऱ्या बाजूने चावायचं, की झालं.

परवा छातीच्या तपासणीला गेले, तर डॉक्टरीणबाईंनी हिरड्यांची चौकशी केली. म्हटलं, मी हृदयासाठी आले आहे. त्या म्हणाल्या, "हिरड्यांची सूज आणि हृदयाचं दुखणं पुष्कळदा एकत्र सापडतं. कशामुळे काय, ते अजून पक्कं नाही. पण रक्त एकच आहे ना?"

रक्त एकच. मग बाईच्या अंगात खरी दुखणी आणि किरकोळ दुखणी अशी वाटणी केली कुणी?

आज मी नळ उघडला नाही. यांना हाक मारली.

"धुऊन टाक की," हे म्हणाले.

"टाकीन. आधी नीट बघा. मग दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय."

आणि त्यांच्यासमोरच ब्रश उचलून मी इतकी वर्षं सोडलेल्या बाजूला लावला.