पापा तौराकींच्या छातीचा फोटो

आमचे पापा तौराकी गेले. आमच्याकडे वडीलधाऱ्याला सगळे पापाच म्हणतात. मनिहिकी बेटावर मोत्यांच्या शिंपल्यांसाठी बुड्या मारणारा तसा दुसरा नव्हता. पण पाण्यानं कान घेतले त्यांचे. बहिरा म्हणवून घ्यायची लाज, म्हणून कोणी बोललं की नुसती मान हलवायची.

तशीच मान रारोटोंगाला, मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात, सीटी स्कॅनच्या खोलीत हलवली. छातीत गाठ होती, ती कापता येईल का ते त्या फोटोत दिसणार होतं. मशीनवाली अपिई, तिनं सगळं नीट सांगितलं. पापा हो हो करत राहिले. मग फोटो उठून दिसावा म्हणून शिरेतून औषध गेलं आणि अंगभर ऊन ऊन लाट, थेट मांड्यांपर्यंत. पापा ताडकन उठले. सुई निघाली, फोटो वाया गेला.

त्यांचा बुडीतला जोडीदार पीरी, मागे एकदा पाण्यातून वर आला तो अंगात काहीतरी शिरलं असं ओरडतच, आणि नावेतच गेला. पापांना वाटलं, आपलीही तीच गत.

"मी सांगितलं होतं ना, पापा?" अपिई म्हणाली.

"सांगितलंस की."

"काय?"

पापांनी मान हलवली. सोबत आलेली पुतणी मारेता म्हणाली, "ऐकू आलं असेल तर सांगतील!"

दुसऱ्या दिवशी अपिईकडून सगळं समजून घेऊन मारेतानं त्यांच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी तोंड लावलं. "सकाळपासून पोटात काही नाही ना? गळ्यातली साखळी काढा. किडनीचं दुखणं, कुठल्या औषधानं पुरळ येणं, असलं काही असेल तर आत्ताच बोला. औषधानं अंग तापतं, मुतल्यागत वाटतं. मुतलेले नसता! लगेच जातं."

"अख्ख्या दवाखान्यानं ऐकलं."

"तुम्ही ऐकलंत ना, बास झालं."

अपिईनं मशीनच्या गोल कड्यावरचा दिवा दाखवला. पेटला की श्वास धरायचा, विझला की सोडायचा. लाट आली, पापा हलले नाहीत. दिवा विझला. पापांचा श्वास काही सुटेना. अपिई धावत आत आली.

"पापा! सोडा आता!"

"एवढ्यात कोण वर येतं?" पापा म्हणाले.

फोटो मात्र लख्ख आला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवला. मोठ्या रक्तवाहिनीला गाठीनं विळखा घातलेला, तिथं सुरी चालणार नाही म्हणाल्या. भरलं भांडं कलंडावं तसं मारेताचं रडू सांडलं. पापांचं तिकडे लक्षच नव्हतं. डॉक्टरीणबाई माउसचं चाक फिरवत होत्या, आणि छाती एकेक पातळ थर करून उघडत होती. काळी मोठाली फुप्फुसं, त्यात झाडाच्या फांद्यांसारख्या नळ्या, मध्ये काळीज.

"हे सगळं माझ्यात?"

"तुमच्यातच."

"आणि मला कुठं चिरलं नाही, काही नाही." पापांनी स्वतःच्या छातीवर हात फिरवला, मग पडद्याकडे बघितलं. जन्मभर या फुप्फुसांच्याच जोरावर खाली गेलो म्हणाले, आणि तोंड आज बघतोय यांचं.

"पापा, चला घरी," मारेता म्हणाली.

"जाऊ. घरीच जाऊ, आता इथं काय आहे." पण खुर्चीतून उठेनात. "बाई, परत एकदा वरून न्या. हळूहळू. अगदी खालपर्यंत."