लसूणघास, वालाचा पाला आणि साहेबांची सही

आमच्या सशांच्या शेडमधले किस्से म्हणजे माळ्यावर रचलेला पेंढा. एक काडी ओढायला जावं, तर अख्खा भारा डोक्यावर येतो. परवा नाक्यावर चहा पिताना एकाने नुसतं विचारलं, "आबा, ससा खातो तरी काय?" तीन कप चहा झाले, पण माझं उत्तर संपेना. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकू. शिक्षण चौथीपर्यंतचं आहे, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ तुम्ही सांभाळून घ्या.

शेड आमची रेवदंड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. तिथे एक प्रयोग चालला होता. सशांची पिल्लं आईपासून तोडली की वाढीच्या वयात त्यांना कुठलं सुकं गवत मानवतं, हे बघायचं. पिंजऱ्यांच्या तीन रांगा. पहिल्या रांगेला लसूणघास, तो घाटावरून गाडीने यायचा. दुसऱ्या रांगेला आपल्या इथल्या वालाचा वाळवलेला पाला. तिसऱ्या रांगेला भाताचा पेंढा. दर सोमवारी वजन, आणि ते रजिस्टरात.

प्रयोग होता मॅडमचा. मॅडम तळा गावच्या, शाळामास्तरांची लेक, गुरांची डॉक्टर. वालाच्या पाल्यावर ससा लसूणघासाइतकाच वाढतो, हे त्यांना दाखवायचं होतं. दिसलं तर शेड चालू राहणार आणि गावोगाव बायकांच्या गटांना ससे मिळणार. नाही दिसलं तर शेडला कुलूप, ससे टेम्पोत आणि मॅडम परत तळ्याला. मी आणि नामदेव म्हणजे राखणदार, झाडूवाले, वजनदार सगळं काही. आम्ही कुठे जाणार, हे कोणी विचारलं नव्हतं.

*

वर साहेब होते, अलिबागला बसायचे. साहेबांचा लसूणघासावर फार जीव. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला ओळीत उभं करून भाषण केलं. "जगात कुठेही जा, ससा म्हटलं की लसूणघास. हा शास्त्राचा नियम आहे."

वालाचा पाला आम्हाला हिराबाई द्यायची. शेजारचंच शेत तिचं. ती डोक्यावर भारा घेऊन नेमकी तेव्हाच आत आली. भारा खाली टाकून म्हणाली, "सायब, या सशाचा जन्म हितला. त्यानं घाट बघितलेला न्हाय."

साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला त्यातलं कळत नाही."

"मला न्हाय कळत," हिराबाई म्हणाली. "पण माझ्या बकऱ्या हाच पाला खाऊन मोठ्या झाल्या, आणि एकीनं पण मला रिपोर्ट मागितला न्हाय."

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि जीपमध्ये जाऊन बसले. त्यानंतर ते यायच्या आधी फोन करून विचारायचे, "ती बाई आहे का तिकडे?"

*

आता नामदेव. पन्नाशीचा माणूस, पण सांगितलेलं काम सोडून दुसरं काही केलं तर पाप लागेल अशी त्याची समजूत. पूर्वी मिठागरावर होता. तिथे मुकादमाने सांगितलं उभा राहा, तर हा भरती आली तरी उभा राहायचा, असं त्याची बायकोच सांगते.

एका सोमवारी मॅडमच्या लक्षात आलं, की नामदेवने मोजलेले ससे माझ्या सशांपेक्षा भारी भरतात. तिन्ही रांगांतले. पेंढ्यावरचे सुकडे ससेसुद्धा. मॅडमनी काटा तपासला, काटा बरोबर. मग त्या नामदेवच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

नामदेवने ससा काट्यावर ठेवला. ससा थरथरला. नामदेवने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आकडा वाचला.

"नामदेव, हात काढा."

"मॅडम, हात काढला तर त्याला एकटं वाटतं."

दोन तास बसून सगळे ससे परत मोजले. मी म्हटलं, "मॅडम, रजिस्टरात एक रांग वाढवा. नामदेवच्या हाताचं वजन पण आठवड्याला वाढतंय का बघू." मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आबा, एक आकडा खोटा निघाला ना, तर बाकीच्या खऱ्यांवर पण कोणी विश्वास ठेवणार नाही." मी गप्प बसलो. दोन दिवस.

*

तिसऱ्या दिवशी सात नंबरचा ससा पळाला.

हा पेंढ्याच्या रांगेतला. कडी मीच नीट लावली नव्हती, पण ते मी आत्ता सांगतोय. दोन दिवस आम्ही गावभर फिरलो. नामदेव प्रत्येक घरात जाऊन, "सात नंबर आलाय का?" असं विचारायचा, आणि लोक त्याला रिक्षास्टँडवर पाठवायचे. शेवटी सापडला कुठे, तर हिराबाईच्या पडवीत, वालाच्या पाल्याच्या भाऱ्यावर. पोट टम्म. आम्हाला बघून हललापण नाही.

हिराबाई म्हणाली, "मॅडम, ह्यानं स्वताच परीक्षा दिली. लिवा की आता."

"हे शास्त्रात बसत नाही, हिराकाकी," मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी सात नंबरला जरा जास्त वेळ मांडीवर घेतलं, हे मी बघितलं. मग त्यांनी त्याला मोजणीतून काढून टाकलं, आणि तसं वजनाच्या तक्त्यात लिहिलं.

मधले दोन दिवस रोजच्या रजिस्टरात सात नंबरपुढे काय लिहायचं ते मात्र माझ्याकडे होतं. मी लिहिलं, "सात नंबर, दोन दिवस किरकोळ रजा. कारण घरगुती."

त्याच दुपारी साहेब आले. साहेबांची पद्धत अशी, की डाव्या हाताने फोन कानाला आणि उजव्या हाताने सही. पान उलटायचं, सही. पान उलटायचं, सही. मी पुढे उभा राहून पानं उलटत होतो. रजेचं पान आलं. साहेबांनी सही केली, खाली दोन रेघा मारल्या आणि फोनवर म्हणाले, "छे छे, मी प्रत्येक गोष्ट स्वतः बघतो."

संध्याकाळी मॅडमनी ते पान वाचलं. आधी त्यांचा चेहरा लाल झाला, मग त्या तोंडावर ओढणी धरून बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "आबा, रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, हा साहेबांचाच नियम आहे. आता हे असंच राहणार. आणि कधी विचारलं, तर उत्तर तुम्ही द्यायचं."

मी म्हटलं, "कोण वाचतंय?"

*

एकदा समोरच्या बंगल्यातल्या बाई आल्या. शनिवारी रो-रो बोटीने गाडीसकट येतात, रविवारी जातात. त्यांच्या मुंबईच्या फ्लॅटमध्ये एक ससा आहे. त्याला म्हणे परदेशातलं गवत लागतं, खोक्यातून येतं.

त्यांनी पाल्याचा वास घेतला. "हे ऑरगॅनिक आहे का?"

हिराबाई म्हणाली, "शेणावर वाढलाय. त्याला तुमच्यात काय म्हणतात ते तुम्ही ठरवा."

बाईंनी पिशवीभर गाजरं आणली होती. त्यातलं एक पिंजऱ्यात जाणार, तेवढ्यात मी हात आडवा घातला. बाहेरचं काही पोटात गेलं की प्रयोग बिघडला, एवढं मलाही कळायला लागलं होतं. म्हटलं, "बाई, आज नको. आज यांचा उपास."

"सशांचा?"

"व्हय. कडक आहेत फार."

बाईंनी लांबूनच हात जोडले आणि गाजरं टेबलावर ठेवून गेल्या. तासाभराने साहेब आले आणि बोलता बोलता सगळी गाजरं त्यांनी संपवली, देठांसकट. नामदेव माझ्या कानात म्हणाला, "आबा, साहेबांना कुठल्या रांगेत धरायचं?"

नामदेवने आयुष्यात केलेला हा एकच विनोद. तोही तो खरंच विचारत होता.

*

पाच आठवडे झाले. पेंढ्याची रांग मागे पडली होती, ते अपेक्षितच होतं. पण वालाची रांग लसूणघासाच्या खांद्याला खांदा लावून चालली होती. मॅडम दर सोमवारी आकडे बघायच्या आणि कोणाला दिसू नये म्हणून दुसरीकडे बघून हसायच्या. साहेब म्हणायचे, "थांबा, लसूणघास शेवटी उडी घेतो."

त्याच आठवड्यात रविवारी साहेबांनी अलिबागचे चार पाहुणे पोपटी खायला आणले. मॅडम तळ्याला आईकडे गेल्या होत्या. हिराबाईच्या शेतात वालाच्या शेंगा भरलेल्या. मडक्यात भांबुर्डीचा पाला लावला, शेंगा भरल्या, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, सगळं झालं. मडकं उपडं घातलं. आता भोवती पेटवायला काहीतरी हवं.

साहेब नामदेवला म्हणाले, "अरे, शेडमधलं गवत आण जरा."

"कुठलं साहेब?"

"ते कोपऱ्यातलं. गोणीतलं. चांगलं कडकडीत वाळलेलं आहे."

नामदेवने आणलं. एक गोणी संपली, साहेब म्हणाले आणखी आण. त्याने आणखी आणलं. मी विहिरीवर हात धूत होतो. वास आला तेव्हा वळून बघितलं, तर घाटावरून आलेला सगळा लसूणघास मडक्याभोवती धडधडत होता. आणि साहेब पाहुण्यांना सांगत होते, "आजच्या पोपटीला वास काही वेगळाच आहे. बेस्ट."

ओरडणार होतो. पण गोण्या रिकाम्या झाल्या होत्या आणि शेंगा अर्ध्या शिजल्या होत्या. दोन्हीकडून उशीर.

सोमवारी मॅडम आल्या. कोपरा रिकामा बघून आधी त्यांना वाटलं, आम्ही गोण्या हलवल्या. मी सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या. प्रयोग संपायला तीन आठवडे, आणि नवी गाडी त्याआधी येणार नव्हती. नामदेव भिंतीकडे तोंड करून उभा होता. "मॅडम, मी काम सोडतो," म्हणाला.

"तुम्ही काम सोडून सशांना गवत मिळणार आहे का?" मॅडम म्हणाल्या. मी हळूच म्हटलं, "कोणाला कळणार नाही. गोण्यांत दुसरं काहीतरी भरून ठेवू."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला चौथीचे मास्तर आठवले. मग उठल्या. "पहिल्या रांगेलाही आजपासून वालाचा पाला घाला. उपाशी ठेवता येत नाही. आणि रजिस्टर आणा. जे झालं ते लिहायचं."

लिहिलं. सुवाच्य अक्षरात, तारीख घालून. साहेब बुधवारी आले, फोन कानाला. मी पान उलटलं. साहेबांनी सही केली. खाली दोन रेघा.

मॅडम म्हणाल्या, "सर, या पानावर जरा…"

साहेबांनी हातानेच थांबवलं, फोनकडे बोट दाखवलं आणि गेले. मॅडमनी आणखी दोनदा सांगून बघितलं. एकदा साहेब मीटिंगमध्ये होते, एकदा जेवत होते.

*

शेवटच्या दिवशी समिती आली. तिघे जण. दोघे फोटो काढत होते. तिसरे गुरांचे म्हातारे डॉक्टर, कानाला मशीन, हातात काठी. शेड ठेवायची की बंद करायची, हे त्यांच्या म्हणण्यावर ठरणार होतं.

साहेबांनी भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. पट्टी घेऊन उभे राहिले. "वालाचा पाला ठीक आहे, गरिबांचं गवत आहे. पण ही पहिली रांग बघा. लसूणघास. आणि खास करून हे शेवटचे तीन आठवडे बघा. रेघ कशी सरळ वर गेली आहे. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, लसूणघास शेवटी उडी घेतो."

नामदेवने डोळे मिटून घेतले. हिराबाई दारात भारा घेऊन उभी होती, तिने तो खाली ठेवला.

मॅडम पुढे झाल्या. "सर, रजिस्टर बघितलं तर बरं होईल."

"रजिस्टर कशाला?" साहेब म्हणाले. "त्यातल्या प्रत्येक पानावर मी स्वतः सही केलेली आहे."

"असं का?" म्हातारे डॉक्टर म्हणाले. "मग तर बघायलाच हवं."

मी रजिस्टर आणून त्यांच्यापुढे ठेवलं. आता ते नेमकं त्याच पानावर उघडलं, याला मी काय करू? डॉक्टरांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं, "रविवारच्या पोपटीत लसूणघासाचा सर्व साठा जळाला. आजपासून पहिल्या रांगेलाही वालाचा पाला. यापुढे पहिली रांग लसूणघासाची म्हणून मोजू नये."

शेडमध्ये फक्त ससे चावत होते. कुरुम, कुरुम.

"म्हणजे ही जी उडी आहे," डॉक्टरांनी काठी तक्त्याच्या रेघेवर टेकवली, "ती वालाच्या पाल्याची."

"हो सर," मॅडम म्हणाल्या. "आणि त्याआधीचे पाच आठवडे दोन्ही रांगा बरोबरीने होत्या. तेवढंच मी रिपोर्टात लिहिलंय. नंतरचं धरलेलं नाही."

डॉक्टर दारापर्यंत गेले, हिराबाईच्या भाऱ्यातली एक काडी काढून दातांत धरली, चावली. "पुढच्या वर्षी हाच पाला ठेवा. घाटावरची गाडी बंद करा. आणि गटांच्या बायकांची नावं मला पाठवा, मॅडम."

हिराबाई म्हणाली, "पयलं नाव माझं लिवा."

साहेबांनी तक्ता भिंतीवरून काढायला घेतला. एका बाजूची टाचणी निघेना. मी मदत केली, मनापासून.

निघण्याआधी डॉक्टर परत रजिस्टरापाशी आले. रजिस्टर मिटता मिटता सहज मागची पानं चाळत होते. एका पानावर थांबले. चष्मा पुन्हा चढवला. एकदा वाचलं, दोनदा वाचलं, खालच्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी छताकडे.

"साहेब, एवढं एक राहिलं," डॉक्टर अगदी गंभीरपणे म्हणाले. "हा सात नंबर रजेवरून हजर कधी झाला?"