मदनमहालावर मी दचकले नाही

सीमेवर लढाई सुरू झाली त्याच आठवड्यात आई-बाबा मला न्यायला जबलपूरला आले. बाबा वरुडकडच्या आमच्या गावात कपडे शिवायचे. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आत्याच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये राहून मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. जिथं तोफगोळे बनतात तिथंच पहिला बॉम्ब पडणार, असं गावात सगळे बोलत होते. ते खोटं आहे असं मलाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. पण एक ठाऊक होतं. एकदा त्यांच्याबरोबर परतीच्या गाडीत बसले, की कॉलेज संपलं. आमच्याकडे शिक्षण सोडून घरी आलेल्या मुलीला बघायला लगेच माणसं येतात.

बाबा पाणी पिता पिताच म्हणाले, "परवा निघू. सामान बांधून ठेव."

"एवढ्या दूर आलात, तर शहर तरी पाहून घ्या," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही. मला वाटलं, शेकडो वर्षं उभ्या असलेल्या जागा पाहिल्या, की इथं काही होत नाही हे त्यांना आपोआप पटेल. एवढाच माझा विचार होता. फार हुशारीचा नव्हता.

भेडाघाटची बस धरायला जाताना आधी कमानिया गेट दाखवलं. ते ज्यासाठी बांधलं, त्या काँग्रेसच्या अधिवेशनाची गोष्ट मी सांगत होते, आणि बाबा दुकानांच्या काचांकडे बघत होते. काचांवर कागदाच्या पट्ट्या फुल्यांसारख्या चिकटवल्या होत्या.

"हे काहून?"

"काचा फुटून उडू नयेत म्हणून," मी म्हणाले आणि जीभ चावली.

भेडाघाटला चौसष्ट योगिनींच्या देवळात आईनं एकेका मूर्तीपुढे हात जोडायला सुरुवात केली. कुणाला नाक नव्हतं, कुणाला हात. थोडं पुढे गेल्यावर ती थांबली. "कोणं फोडल्या वं ह्या?"

"फौज आली होती. फार जुनी गोष्ट आहे, आई."

"फौज देवाले सोडत नाही, तर तुले सोडते काय?" बाबा म्हणाले.

"देवीसमोर तरी तोंड सांभाळा," आई म्हणाली. पण पुढच्या मूर्तींपुढे तिनंही हात जोडले नाहीत.

परतीच्या बसमध्ये मला रडू येत होतं. या शहरात जुनं काही दाखवायला जावं, तर लढाईच दाखवावी लागते.

दुसऱ्या दिवशी मदनमहाल उरला होता. टेकडीवर, एका प्रचंड खडकावर बसवलेली लहानशी गढी. इथली गोंड राणी लढाईत कशी मेली, ते अजिबात सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. म्हणून तिच्या काळात तळी कशी खोदली, तेच मी पुन्हा पुन्हा सांगत होते. तेवढ्यात फॅक्टरीच्या दूरच्या रेंजवर तोफगोळ्याच्या चाचणीचा धमाका झाला. आम्हाला ते रोजचंच. क्वार्टरमधली भांडी किणकिणतात आणि आत्या पोळी लाटत राहते. माझंही वाक्य तुटलं नाही. ते पूर्ण करून मी वळले, तर आई खडकाला चिकटून बसलेली, आणि बाबांनी तिच्या डोक्यावर दोन्ही हात धरलेले.

शेजारी डबा उघडून बसलेलं एक कुटुंब हसायला लागलं. त्यातला माणूस म्हणाला, "टेस्टिंग है बाबूजी, रोज होता है. चलो, पूड़ी खाओ."

बाबांनी उठून धोतर झटकलं. त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "तू दचकली नाही," मला म्हणाले.

"चाचणी असते बाबा. रोजच..."

"ते नाही इचारून राहिलो मी. खरा बॉम्ब पडला, तर तुले कसं कळन?"

मी आईला उठवायला हात पुढे केला.

"बस झालं. परवा-उद्या काही नाही. आजच्याच गाडीनं निघू."

मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. इतकं मोठ्यानं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. "मले भीती वाटते बाबा. पण गावात आली तर तुम्ही मले परत पाठवणार नाही, याची जास्त भीती वाटून राहिली."

"कोण म्हणते पाठवणार नाही?"

आई अजून खालीच बसली होती. ती म्हणाली, "काहून खोटं बोलता? धामणगावच्या लोकायले पोरगी दाखवतो म्हणून सांगूनच निघाले नं तुम्ही?"

बाबांनी खाली शहराकडे, फॅक्टऱ्यांच्या धुराकडे पाहिलं. मग म्हणाले, "पालथी पड."

"काय?"

"पालथी पड इथं. आवाज झाला असं समज."

मी साडी सावरून खडकावर पडले. ते कुटुंब बघत होतं.

"कोपरं आत घे. कान दाब. तोंड उघडं ठेव." गावातल्या रेडिओवर सांगतात ते सगळं त्यांनी पाठ करून ठेवलं होतं. "ऊठ. पुन्हा."

मी पुन्हा पडले.

"दर आवाजाले असंच. चाचणी असो का काही असो. वर्गात असली तरी, रस्त्यात असली तरी. लोक हासले तरी."

"हो, बाबा."

"पुन्हा."

हसणाऱ्या कुटुंबानं डबा बंद केला होता. त्या संध्याकाळच्या गाडीत आई-बाबा दोघंच बसले. पण खडकावर मला ते ठाऊक नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता. गाल दगडाला टेकलेला, तोंड उघडं, जिभेवर धूळ. डोक्यावर बाबांचा आवाज, "ऊठ. पुन्हा." मी उठत होते, आणि पुन्हा पडत होते.