आक्कांचं दोन दारांचं दुकान

परतुरात अशी एकही जागा नसेल, जिथे माझ्या थोरल्या नणंदेला दुकान दिसलं नाही. स्टेशनवर पाहुण्यांना पोचवायला गेल्या, गाडी लेट आहे म्हणून कळलं, की दुसऱ्या दिवशी आक्का फुटाण्यांची पाटी घेऊन हजर. दवाखान्यात माझ्या पोराला सुई टोचत होते, तेव्हा ह्या बाहेर बसलेल्या बायकांना कानटोप्या विकत होत्या. मी लाजून जमिनीकडे बघायचे. त्या म्हणायच्या, "लाज काय खायाला घालती का?"

नवरा गेल्यावर दोन लेकींना घेऊन त्या माहेरी आल्या, पण भावाच्या ताटात जेवायचं नाही हा हट्ट. म्हणून बाजाराच्या रस्त्याला त्यांनी बाशिंग-मुंडावळ्यांचं दुकान टाकलं. बरं चाललं होतं. पण गल्लीतला एक म्हातारा वारला, मडकं आणि पांढऱ्या कापडासाठी त्याची पोरं उन्हात गावभर हिंडली, आणि आक्कांच्या डोक्यात शिरलं. आठ दिवसांत मर्तिकाचं सामानही आलं. ठेवलं कुठं, तर बाशिंगाच्याच फळीवर!

आष्टीची एक बाई लेकाच्या लग्नाचं घ्यायला आल्ती. बाशिंगाला हात लावला, शेजारचं मडकं दिसलं, आणि हात चटका बसल्यासारखा मागं घेतला. "आवं, हितलं बांधू व्हय माझ्या पोराच्या डोक्याला?"

ऐन लग्नसराईत दुकानाकडे कोणी फिरकेना. आमचे हे म्हणाले, "आक्का, ते सामान फेकून दे. न्हाईतर दुकान बंद कर अन् घरी बस."

"बसत न्हाई. अन् फेकतबी न्हाई. ज्याच्या घरी मयत झाली त्यानं कुठं हिंडावं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंडी बोलावला, दुकानाच्या मधे भिंत घातली आणि मागच्या बोळात दार पाडलं. मागं स्वतः बसल्या आणि पुढं मला बसवलं. मी म्हणाले, "आक्का, मला बोलता येत न्हाई."

"म्हणून तर! लग्नघरचं माणूस सोताच बोलतंय. त्याला ऐकणारं पाहिजे."

आणि खरंच, आष्टीची ती बाई धाकट्याच्या लग्नाला पुन्हा आली. आधी चारी बाजूंना नजर फिरवली, मग खाली बसून सुनेच्या नाकापासून व्याह्याच्या मिशीपर्यंत सगळं सांगितलं. मी नुसती मान हलवत होते. ती बाशिंग घेऊन उठली, तोच भिंतीपलीकडून आवाज आला, "मुंडावळ्या राह्यल्या म्हणावं!" बाई दचकली. मग हसली, आणि मुंडावळ्याही घेऊन गेली.

मागच्या दारी आलेल्या माणसाशी मात्र आक्का चकार शब्द बोलत नसत. सामान बांधून द्यायच्या, पाण्याचा तांब्या पुढं करायच्या.

त्या दुकानावर दोन्ही लेकींची लग्नं झाली. पुढं गुडघे गेले, तसं थोरलीनं त्यांना जालन्याला नेलं. आता मागं-पुढं मीच करते. परवा फोनवर विचारलं, "आक्का, करमतं का?"

"लेक लई जपती गं. घरबी चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पण दार एकच हाय. अन् तेबी दिवसभर लावलेलं."