सत्त्वात कालवलेलं तीर्थ

तीर्थाचा घोट पोटात गेला की माणसाला गुण येतो, असं ऐकतच मी लहानाची मोठी झाले. त्याच घोटाने यांचा जीव कासावीस होताना पाहिला, तेव्हा देवाला काय म्हणावं तेच कळेना.

एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते, बाकी सगळी शेतं आणि बाभळी. हे कारखान्यात लागले म्हणून आम्ही साताऱ्याकडून चिंचवडला आलो. कसे शांत दिवस होते ते, कारखान्याचा भोंगा घरात ऐकू यायचा. वर्षभरातच यांच्या अंगावरून वारं गेलं. हातपाय सुधारले, गिळणं मात्र सुधारेना. मी पवनेकाठच्या मंगलमूर्तीचं तीर्थ एकवीस दिवस पाजायचा नवस केला. आजाऱ्याला पातळ द्यावं, एवढंच माझं शहाणपण; म्हणून पेज, ताक, वरणाचं पाणी. प्रत्येक घोटाला ठसका, मग छाती भरायची, ताप चढायचा. धडधाकट माणूस वाळून काटकी झाला. मी विधवा होणार, हे मला दिसत होतं. तरी तीर्थ सोडलं नाही. हट्टी मी पहिल्यापासूनच.

बाराव्या दिवशी यांना पुण्याच्या डॉक्टरांकडे न्यायला निघाले. स्टेशनच्या बाकावर बसवून पळीभर तीर्थ पाजलं, तर असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. शेजारी पांढऱ्या साडीतल्या एक बाई देहूरोडच्या गाडीसाठी थांबल्या होत्या. तिथल्या इस्पितळात रोग्यांचं जेवण त्या ठरवत. त्यांनी यांना पुढे वाकवलं, श्वास लागेपर्यंत धरून ठेवलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"पाणी बंद करा बाई. पातळ जिन्नस यांच्या श्वासाच्या वाटेनं जातो. दाट द्या, गुठळी नको. ताठ बसवा, हनुवटी खाली, अर्धाच चमचा. गिळलेलं दिसलं की पुढचा. आणि जेवल्यावर लगेच निजवू नका."

मला रागच आला. "अहो, हे तीर्थ आहे. नवस आहे माझा."

"मग नाचणीच्या सत्त्वात कालवा की. दाट झालं म्हणून देव कमी होतो होय?"

तेवढ्यात त्यांची गाडी आली. नाव विचारायचंही मला सुचलं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्या बाईंचंच ऐका.

दुसऱ्या दिवशी नाचणीचं सत्त्व घट्ट शिजवलं, त्यात तीर्थ घातलं. अर्धा चमचा दिला आणि यांच्या गळ्याकडे बघत राहिले. घाटी खालीवर झाली. ठसका आला नाही. मी तिथंच पदरात तोंड घालून रडले. पुढे चाकणचा बटाटा दुधात घोटून द्यायला लागले, कुस्करलेलं केळं, घट्ट दही. एकविसाव्या दिवशी यांनी सत्त्वाची वाटी संपवली आणि वाकड्या तोंडाने म्हणाले, "उद्या गूळ जरा जास्त घाल."

त्यानंतर हे चौदा वर्षं जगले. देवाने यांना कसं बरं करायचं, हेही मीच ठरवून बसले होते. तो मात्र रोजच्या ठसक्यातून मला थांब म्हणत होता, मला ऐकूच येत नव्हतं. आता देवळात तळहातावर तीर्थ पडलं की आधी त्या पांढऱ्या साडीला मनात नमस्कार करते, मग ते तोंडाला लावते.