हिरू मुकादमाचे ताट

हिरू मुकादम रोज एक पितळी ताट काखेत मारून कामावर येत असे आणि त्या ताटात कधीही जेवत नसे. दुपारी मजूर भाकरी सोडत, तेव्हा तोही सोडायचा, पण पळसाच्या पानावर. ताट शेजारी उपडे पडलेले असे. पहिल्या भेटीत मी त्याला कारण विचारले. तो म्हणाला, "ताट कामावर हाय, सायेब. जेवतो मी."

काम होते पेण आणि उरण यांच्यामधल्या एका खाडीवरच्या पुलाचे. एकोणीसशे वीसनंतरचे दशक संपत आले होते. हा मुलूख तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. मुंबईच्या एका दैनिकाचा बातमीदार म्हणून मी माहिती घ्यायला आलो आणि मग महिन्यातून एकदोनदा येत राहिलो. हिरू कोळी होता. वय पन्नाशीच्या पुढे, उंची बेताची, पायांची बोटे फाकलेली. चिखलात आयुष्य काढलेल्या माणसाचे पाय तसे होतात.

खाडीच्या तळाशी खडक होता, पण वीस हात गाळाखाली. पुलाचा खांब त्या खडकावर टेकवायचा, तर गाळातून विहीर उतरवावी लागे. लोखंडी धारेचे एक लाकडी कडे गाळावर ठेवायचे, त्यावर दगडी भिंत गोल बांधायची आणि आतला गाळ डोलाने, म्हणजे दोराला बांधलेल्या मोठ्या बादलीने, उपसत राहायचे. भिंत आपल्याच वजनाने खाली बसते. बसेल तशी वर आणखी बांधायची. अवघड भाग एकच. ती सरळ बसली पाहिजे.

त्यासाठी ते ताट होते. आतल्या बाजूला एक गोल रेघ कोरलेली होती. पाळी सुरू होताना हिरू ताट भिंतीच्या माथ्यावर ठेवी, खाडीचे पाणी रेघेपर्यंत ओती आणि उकिडवा बसून पाहत राही. पाणी एका अंगाला रेघेच्या वर चढलेले दिसले, की दुसऱ्या अंगाचा गाळ काढायला सांगे. ओव्हरसियरकडे पातळी मोजायची विलायती पाणसळ होती. दोन्हींत फरक पडला, तर ओव्हरसियर पाणसळ पुन्हा लावून बघत. हिरू कधी दुसऱ्यांदा बघत नसे. आजवर त्याने बसवलेल्या विहिरींपैकी एकही वाकडी नव्हती. ही गोष्ट तो स्वतः सांगत नसे, त्याची माणसे सांगत.

पाच विहिरींपैकी तिसरी चौदा हात उतरली असता आत डोल अडकला. गाळात गाडलेल्या एका जुन्या झाडाच्या खोडाखाली त्याचा काठ गेला होता. हिरूचा नियम होता, विहिरीतले पाणी खाडीच्या पाण्यापेक्षा खाली जाऊ द्यायचे नाही. गेले, तर बाहेरचा गाळ कड्याखालून आत उसळतो. पण अमावास्येचे उधाण होते आणि सुकतीला खाडी जवळजवळ कोरडी पडणार होती. खाडीच रिकामी, तर विहीर रिकामी करायला भीती कसली, असा हिशेब हिरूने केला. भरतीची वेळ घड्याळ न बघता सांगणारा माणूसच असा हिशेब करू शकतो. त्याने विहीर उपसली आणि दोन गडी आत उतरवले. डोल सुटायला वाटले त्याहून जास्त वेळ लागला आणि तोवर भरती आली. बाहेर दोन पुरुष उंच पाणी चढले तरी आत टिपूस नव्हता. पश्चिमेच्या अंगाने गाळ उकळल्यासारखा आत आला. दोघे गडी दोरावरून वर आले, तेव्हा विहीर पश्चिमेला दीड हात कलली होती. हिरूने माथ्यावर ताट ठेवले. सगळे पाणी एका काठाने सांडून गेले.

इंजिनिअर साहेब आले. हिरूने आधी सांगितले, "चूक माजी हाय. दुसऱ्या कुनाला बोलू नका."

"बोलून काय उपयोग?" साहेब म्हणाले. "पंधरा दिवसांत पाऊस लागेल. ही सोडून द्या. पुढच्या हंगामात शेजारी दुसरी उतरवू."

"आन् हिचं काय करायचं? देऊळ म्हनून ठेवायची खाडीत?"

साहेब हसले नाहीत, पण दहा दिवस त्यांनी दिले. पूल एक वर्ष लांबेल की नाही आणि हिरूच्या नावावर एक वाकडी विहीर राहील की नाही, हे त्या दहा दिवसांत ठरणार होते.

उपाय कागदावर सोपा होता. पूर्वेची बाजू वर राहिली होती, म्हणून तिथे भार घालायचा आणि तिच्याखालचा गाळ काढायचा. भाराला पुरेसे लोखंडी रूळ कामावर नव्हते. हिरू काठावरच्या मिठागरात गेला. हंगाम संपत आला होता आणि गोमाबाई आगरणीचे वर्षाचे मीठ गोण्यांत भरून होडीची वाट पाहत होते. मी बरोबर होतो.

"वयनी, मीठ पायजे. सगलं. दहा रोज."

"कशाला? खाडी आळनी लागली का तुला?"

हिरूने सगळे सांगितले, चुकीसकट. गोमाबाईने आभाळाकडे पाहिले. "आन् भिजलं माजं मीठ, तर तुजी विहीर चाटून बसू का मी?"

"येक गोन भिजनार न्हाय."

"आन् भिजली तर?"

"मंग मी चाटीन."

"चाटशील, मेल्या. बसून बघन मी," असे म्हणून तिने गोण्या दिल्या.

पूर्वेच्या अंगाला फळ्यांचा माचा बांधून त्यावर मीठ रचले गेले. कोळीवाड्यातल्या होड्या पावसाळ्यासाठी त्या आठवड्यात किनाऱ्यावर ओढल्या जात होत्या. त्यांची शिडे मिठावर पांघरली. विहीर आता पाण्याने काठोकाठ भरलेली ठेवली होती. कोळी पाणबुडे एका दमात तळाशी जात, पूर्वेच्या कडेखाली गाळ उकरत आणि वर येत. आठ दिवस गेले. विहीर बोटभरही हलली नाही. आठव्या दिवशी एक सर येऊन गेली. गोमाबाई होडीतून आली, शीड उचलून तिने एकेका गोणीवर हात फिरवला आणि ती परत गेली.

नवव्या दिवशी हिरू स्वतः बुडी मारून आला. पाणी झटकत तो म्हणाला, "गाळ न्हाय धरून ठेवत हिला. त्योच वोंडका हाय, डोल धरलान तो. पुरवेची कड त्याच्यावर बसलीय."

खोड खालीच कापायचे ठरले. भरती थांबते आणि ओहोटी सुरू होत नाही, तेव्हाच आतबाहेरचे पाणी जवळजवळ सारखे असे आणि तळाचा गाळ हलत नसे, म्हणून तेवढ्या वेळातच खाली जाता येत होते. करवतीचे चार हात ओढले की माणूस वर, दुसरा खाली. दहाव्या दिवशी संध्याकाळी साहेब काम थांबवायला येऊन उभे राहिले. हिरू म्हणाला, "येक बुडी, सायेब," आणि करवत घेऊन गेला.

तो वर आला आणि भिंतीला धरून दम घेऊ लागला. तेवढ्यात खालून मोठा दरवाजा ढकलावा तसा आवाज झाला. मिठाचा माचा खाली गेला. भिंत सावकाश पूर्वेकडे झुकली, थरथरली आणि थांबली. काठावरून लोक ओरडत होते. हिरूने ताट मागितले, माथ्यावर ठेवले, पाणी ओतले. पाणी दोनदा हेलकावले आणि रेघेवर थांबले.

साहेबांनी पाणसळ मागवली नाही.

गोण्या मोजून गोमाबाईकडे परत गेल्या. सगळ्या कोरड्या होत्या. पुढच्या चार दिवसांत विहीर उरलेले सहा हात उतरून खडकावर टेकली. पाचव्या दिवशी पाऊस लागला.

दोन वर्षांनी पूल उघडला. मांडवातल्या भाषणांत हिरूचे नाव कोणी घेतले नाही. माझ्या बातमीतही ते आले नव्हते, म्हणून इथे लिहीत आहे. भाषणे चालू असताना तो तिसऱ्या खांबावरच्या कठड्यापाशी ताटात पाणी ओतून बसला होता. गोमाबाईच्या मिठाच्या गाड्या सर्वांत आधी पुलावरून गेल्या. पाणी थरथरले, पण रेघ सुटली नाही. शेवटच्या गाडीमागून गोमाबाई चालत आली.

"बगून झालं असंल तर दे इकडं," असे म्हणून तिने ताट उचलले, पाणी खाडीत भिरकावले, पदराने ताट पुसले आणि टोपलीतून भात आणि माशाचे कालवण वाढले. "मीठ कमी वाटलं तर सांग. माजंच हाय."

हिरूने कठड्याला पाठ टेकली आणि भात कालवला. मी म्हणालो, "मुकादम, ताट आज कामावर नाही?"

"काम सरलं, सायेब," तो म्हणाला. "बसा, तुमी पन जेवा."