मामाची दहाची बैठक

आज सकाळी माझा मामा गेला, आणि गेला तेव्हा त्याचं वजन अगदी डॉक्टरांना हवं होतं तेवढं होतं.

हे वाचून तो स्वतःच सगळ्यात आधी हसला असता, म्हणून लिहिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मामा बँकेत होता. लग्न केलं नाही. फूलबागेजवळ तिसऱ्या मजल्यावर एकटा राहायचा. लिफ्ट नाही.

त्याची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, तेव्हा दोन ब्रँचची एक करायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. रोज वरून हिंदीत पत्र, "प्रातः 10 बैठक". रोज मीटिंग, मीटिंगमध्ये कचोरी.

दोन बँकांची एक झाली आणि एका मामाचे दोन झाले.

रिटायर झाल्यावर शुगर, गुडघे. कंपू मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी वजन उतरवायचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं. बजावलं होतं त्यांनी, भूक मरेल, पण प्रोटीन आणि व्यायाम सोडायचा नाही, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातील.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी चिठ्ठी दिली: "रोज सुबह 10 बैठक, कुर्सी पर".

वजन भराभर उतरलं. मी फोनवर खूश. "मामा, एकदम हीरो! जेवलास काय?"

"दोन घास. भूकच नाही लागत गं."

मी म्हणायचे, चांगलंच आहे की. मूर्ख मी.

"आणि बैठक?"

"रोज. एक दिवस नाही चुकवली."

दीड महिन्याने मॅडमकडे गेलो, तर बाहेरच्या बाकावरून त्याला उठता येईना. मी ओढून उठवलं.

मॅडमनी विचारलं, "अंकल, बैठक लगा रहे हैं ना?"

"रोज. पौन घंटा."

मॅडमचं पेन थांबलं. "पौन घंटा? करके दिखाइए."

मामाने खुर्ची ओढली. शर्ट नीट केला. बसला. ताठ, हात मांडीवर.

आम्ही वाट बघतोय.

"आगे?"

"आगे क्या, मैडम? चल रही है."

मॅडमना हव्या होत्या खुर्चीवरून उठायच्या-बसायच्या दहा बैठका. मामाने वाचलं बँकेच्या हिंदीत. दीड महिना हा माणूस रोज दहाच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसून होता! "मला वाटलं, पाठ सरळ करायची काही थेरपी असेल."

तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मग मॅडम गंभीर झाल्या. पायातली ताकद गेली आहे म्हणाल्या. हाडंही तपासा. त्या जिन्यावर पडले तर परत उभे राहणं कठीण.

बाहेर आल्यावर मी सांगून टाकलं, "बस झालं एकटं राहणं. आता सिटी सेंटरला माझ्याकडेच."

मामाला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"तू परेशान नको होऊ. दोन महिने राहतो तुझ्याकडे. मग जिना एकट्याने चढून दाखवतो. नाही जमलं, तर बोरिया-बिस्तर कायमचा तुझ्या घरी. पक्का."

डॉक्टरांनी डोस कमी केला. ताटात आधी डाळ, दही, पनीर, मग पोळी. प्रत्येक घासाला कडू औषध घेतल्यासारखं तोंड. वजन उचलायला दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. आणि खऱ्या बैठका. पहिल्या दिवशी दोन झाल्या.

"तीन! तू एक खाल्लीस."

"दोनच, मामा."

"बेईमान आहेस."

भांडलो खूप. एकदा त्याने जेवण तसंच ठेवलं, तेव्हा मी अक्षरशः ओरडले त्याच्यावर. त्याचं वाईट आजही वाटतं.

दोन महिन्यांनी मी त्या जिन्यावर त्याच्या मागे हात पसरून चढत होते. दुसऱ्या मजल्यावर तो वळला. "हात खाली कर. लोक बघून राहिलेत."

वर पोहोचला. धापा टाकत होता, पण कुलूप त्यानेच उघडलं. दारात उभा राहून म्हणाला, "तुला यायचं असेल तर ये. नाहीतर जा आता, मला माझं घर झाडायचंय."

त्यानंतर पावणेदोन वर्षं तो तिथे राहिला. भाजी, दूध, पेपर, सगळं स्वतः आणायचा.

आज सकाळी हार्ट अटॅक आला. हे कशानेच टळलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

दुपारी चौघांनी त्याला खाली आणलं. पावणेदोन वर्षांत त्या जिन्यावर त्याला कोणी हात लावायची ती पहिलीच वेळ.

मामा, तू जिंकलास रे. नमस्कार करते.